थंडीत घरच्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करताय? या चुका टाळा

दिवाळी होऊन कापसाची दुसरी वेचणी घरात आली, की माझा फोन वाजायला लागतो. "कालपर्यंत बरा चालत होता न भाऊ, आज चालूच नाई होऊन रायला. येऊन पाहून दे न." यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आणि आजूबाजूच्या सात-आठ खेड्यांत माझं गणगोत पसरलेलं आहे. मामाजींचा जुना डेस्कटॉप, चुलत बहिणीचा कॉलेजचा लॅपटॉप, मित्राच्या सेवा केंद्रातली दोन मशीन, असं सगळं माझ्याच वाट्याला येतं. पैसे घेत नाही. निघताना तुरीच्या हिरव्या शेंगांची थैली गाडीला अडकवून मिळते, तेवढं मला पुरतं.

बरेच हिवाळे हे काम केल्यावर एक गोष्ट मला पक्की कळली आहे. थंडीच्या दिवसांत बिघडलेल्या मशीनचं कारण बहुतेक वेळा मशीनच्या आत नसतं, ते ज्या खोलीत ठेवलंय त्या खोलीत असतं. म्हणून स्क्रू ड्रायव्हर काढायच्या आधी मी खोली पाहतो. आपापल्या गावात हेच काम करणाऱ्यांनी, मी केलेल्या आणि दर हिवाळ्यात पाहत असलेल्या चुका करू नयेत, म्हणून हे लिहितोय.

"थंडीनं गारठला असन" हे मान्य करणं

मशीन बंद पडलं की घरातलं कुणीतरी हे वाक्य बोलतंच, आणि आपणही मान डोलावतो. बहुतेक लॅपटॉप ५ किंवा १० अंशांपासून ३५ अंशांपर्यंत चालावेत असे बनवलेले असतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता हे खरं, पण ती उघड्यावरची पहाट होती. चार भिंतींच्या आत तेवढी थंडी होत नाही. मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत जे मशीन तगलं, ते डिसेंबरात गारठ्यानं मरत नाही.

थंडीचा खरा परिणाम होतो तो बॅटरीवर. यूपीएसच्या, म्हणजे लाइट गेल्यावर कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणाऱ्या डब्याच्या, बॅटरीचं उदाहरण घ्या. उन्हाळ्याच्या उष्णतेनं ती आतून खलास झालेली असते. थंडीत तिची ताकद आणखी थोडी कमी होते आणि मग ती एकदम उघडी पडते. दोष मे महिन्याचा आणि नाव डिसेंबराचं, असा हा प्रकार आहे. बॅटरी बदला, पण यूपीएस पत्र्याच्या भिंतीला टेकून ठेवलेला असेल तर त्याची जागाही बदला, नाहीतर नवी बॅटरी पुढच्या उन्हाळ्यात त्याच वाटेनं जाईल.

कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

ही चूक आमच्या भागात सगळ्यात जास्त होते आणि मला तिची सगळ्यात जास्त काळजी वाटते. भाव चढेल या आशेनं कापूस घरातच थांबतो. समोरची खोली आढ्यापर्यंत भरते. कॉम्प्युटरचा टेबल तसाच कोपऱ्यात राहतो, फार तर त्यावर जुनं लुगडं टाकतात.

मामाजींच्या मशीनची तक्रार होती की चालू होतं आणि दहा मिनिटांत आपोआप बंद पडतं. त्यांच्या मुलानं आधीच दोनदा विंडोज टाकून पाहिलं होतं. मी बाजूचं झाकण काढलं तर आत धूळ फारशी नव्हती. पण प्रोसेसरवरचा पंखा सोडवून वर उचलला आणि कारण सापडलं. पंखा आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मध्ये रुव्याचा थर बसला होता, वरून करडा, खालून पांढरा. चिमटीत धरून ओढला तर अखंड पट्टी निघाली, देवाची वात वळता येईल अशी. हवा आत जायला जागाच नव्हती. प्रोसेसर तापायचा आणि स्वतःला वाचवायला मशीन बंद करायचा. विंडोजचा काहीएक दोष नव्हता.

इथं तीन चुका होतात. पहिली म्हणजे नुसतं झाकण उघडून वरून ब्लोअर मारणं. त्यानं रुवा निघत नाही, पात्यांमध्ये आणखी घट्ट बसतो. पंखा सोडवावाच लागतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. तो वाऱ्यानं भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं आणि उलटी वीज बोर्डात जाऊ शकते. दुसरी चूक म्हणजे कॅबिनेट उचलून पंक्चरच्या दुकानात नेणं. त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असतं, तेलाचा अंश असतो, आणि दाब तर ट्रॅक्टरच्या चाकासाठीचा. तिसरी म्हणजे साफसफाई त्याच खोलीत करणं. मशीन अंगणात आणा, खाटेवर ठेवा, तिथं साफ करा.

पंख्याखालचा पात्यांचा ठोकळाही काढला असेल, तर परत बसवताना प्रोसेसरवरची जुनी वाळलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता ठोकळ्यात पोचवणारा लेप) पुसून नवी लावा, तुरीच्या दाण्याएवढी. पोळीला तूप लावावं तशी भरपूर लावणारे मी पाहिले आहेत. जास्तीची पेस्ट बाहेर येऊन बोर्डावर पसरते, थंडावा काही वाढत नाही.

आणि मशीन दुरुस्त झालं तरी ते त्या खोलीत परत ठेवू नका. स्वयंपाकघराच्या दारात ठेवा, बाजेखाली ठेवा, पण कापसाजवळ नको. ढिल्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते हे सगळ्यांना माहीत आहे. त्या ढिगाला टेकूनच एक्स्टेंशन बोर्ड पडलेला असतो आणि पलीकडे माणसं झोपलेली असतात. मामाजींना मी स्पष्ट सांगितलं, "कापूस उचलेपर्यंत कॉम्प्युटर माझ्या घरी राहू द्या." त्यांनी ऐकलं.

लॅपटॉप गोधडीत

"एवढ्या थंडीत लॅपटॉप तापते कसा रे?" हा प्रश्न चुलत बहिणीनं विचारला होता. ती पहाटे पाचला उठून गोधडी पांघरून अभ्यास करायची, आणि लॅपटॉपही त्याच गोधडीवर. बहुतेक लॅपटॉप खालच्या जाळीतून हवा ओढतात. गोधडीनं ती जाळी बंद होते. पंखा ओरडायला लागतो, मशीन मंद होतं, आणि मग "व्हायरस आला" असा निष्कर्ष निघतो. उपाय म्हणजे खाली लाकडी पाट घ्या. बारीक बारीक डझनभर स्क्रू उघडायच्या आधी तो कुठं ठेवून वापरता, एवढं विचारा. निम्म्या वेळा उघडावा लागतच नाही.

पाणी तापवायचा रॉड आणि डीपीवरचा भार

सकाळी सहा ते नऊ या वेळातल्या तक्रारी वेगळ्या काढा. पाणी तापवायचा रॉड साधारण १५०० वॅटचा असतो. २३० व्होल्टवर तो साडेसहा अँपिअर ओढतो. आपला एक्स्टेंशन बोर्ड सहा अँपिअरचा, आणि त्याच बोर्डावर कॉम्प्युटर. बोर्ड कुठं पिवळा पडलाय, कुठं प्लास्टिक वितळून पिन चिकटलीय, ते पाहा. एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, जळाला म्हणून नवा आणायचा आणि बोर्ड तोच ठेवायचा, हे मी एका घरी दोन हिवाळे केलं. दुसऱ्यांदा बोर्ड पालथा करून पाहिला तेव्हा डोळे उघडले. त्यांचे दोन एसएमपीएसचे पैसे माझ्या न पाहण्यामुळं गेले.

रात्रीच्या तक्रारींचं कारण शेतात असतं. गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री येते. घरं आणि मोटारी एकाच डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, असतील तर लाइन आली की सगळ्यांच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि शेवटच्या घरातलं व्होल्टेज खाली बसतं. यूपीएस बॅटरीवर जातो, परत येतो, परत जातो. सकाळी बॅटरी रिकामी, आणि लोक म्हणतात यूपीएस बिघडला. आपण दुपारी दोनला जाऊन मल्टिमीटर लावतो आणि सगळं ठीक दिसतं. तक्रार ज्या वेळची असेल त्याच वेळी मोजायला जा, रात्री दहाला जावं लागलं तरी स्वेटर घालून जा.

कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, अशीही तक्रार येते, विशेषतः अनवाणी पायांनी फरशीवर बसणाऱ्यांची. अर्थिंग नसलं की असं होतं. पण तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटमध्ये जात नाही म्हणून जाड पिन कापून टाकणारे महाभाग प्रत्येक गावात आहेत. ही पिन कधीच कापू नका. घरातलं अर्थिंग असूनही मुंग्या येत असतील तर अर्थिंगचा खड्डा पाहा. आपली काळी माती पाऊस संपला की वाळते, भेगा पडतात, आणि पाइपचा मातीशी धरलेला हात सुटतो. खड्ड्यात मिठाचं पाणी टाकलं की बराच फरक पडतो. वायरच तुटलेली असेल तर मात्र वायरमनला बोलवा.

स्वेटर घालून रॅम काढणं

कोरड्या थंडीत लोकरीचा स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, अंधारात ठिणग्याही दिसतात. तीच वीज बोटातून रॅममध्ये, म्हणजे मेमरीच्या पट्टीत, जाऊ शकते. आपल्याला झटका जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टला, आणि चिप त्याच्या कितीतरी कमीत खराब होते, आपल्याला काही न जाणवता. लोकरीचं काढून सुती कपड्यावर बसा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला आधी हात लावा, मग रॅमला. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरनं पुसायची आपली पद्धत चांगली आहे, फक्त रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू देऊ नका.

तारीख न पाहणं

सेवा केंद्रवाल्या मित्राची जानेवारीतली एक आख्खी सकाळ यात गेली. कॉम्प्युटर चालू, इंटरनेट चालू, पण एकही सरकारी वेबसाइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी कनेक्शन सुरक्षित नसल्याची सूचना. बाहेर शेतकरी ओळीनं बसलेले. त्यानं राउटर बदलला, ब्राउझर दोनदा टाकला. मी पोचलो आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं तर साल कितीतरी मागचं दिसत होतं. वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राला मुदत असते. मशीनची तारीख त्या मुदतीच्या बाहेर गेली की ब्राउझर दार उघडत नाही.

मदरबोर्डवरची नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी उतरली की हे होतं. नवी असताना ती तीन व्होल्टच्या किंचित वर असते. २.७ च्या आसपास आली की बदला. थंड रात्री उतरलेली बॅटरी आणखी खाली जाते, म्हणून ही तक्रार थंडीत वाढते. शिवाय आपल्याकडं झोपताना मेन बटण बंद करायची सवय आहे, ती चांगलीच आहे, पण मग रात्रभर घड्याळ त्या एका बॅटरीवरच चालतं. माझ्या बॅगेत दोन बॅटऱ्या कायम असतात.

उंदरांचं थोडक्यात सांगतो. तूर घरात आली की उंदीर येतात, आणि कॅबिनेटच्या मागच्या उघड्या फटीतून आत ऊब शोधतात. फट पत्र्याच्या पट्टीनं बंद करा. पुठ्ठा लावू नका, तो ते कुरतडतात.

"काही महत्त्वाचं आहे का?" असं विचारून फॉरमॅट मारणं

ही माझी चूक आहे आणि ती मला अजून सलते. मोठ्या बाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा, कॉम्प्युटर फार मंद झाला होता. मी विचारलं, "काही महत्त्वाचं आहे का यात?" ते म्हणाले, "नाई बाप्पा, कायचं महत्त्वाचं." मी सी ड्राइव्ह साफ केला, विंडोज टाकलं, मशीन मस्त पळायला लागलं. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आईचा फोटो कुठी गेला रे समोरचा?" मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, त्याच पावसाळ्यात गेली होती. तिचे फोटो समोरच्या स्क्रीनवर, म्हणजे डेस्कटॉपवर होते. डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्येच असतो हे मला माहीत होतं, त्यांना असायचं कारण नव्हतं. मोठ्या बाबांच्या लेखी ते "कॉम्प्युटरमधलं महत्त्वाचं काम" नव्हतं, रोज सकाळी उघडून पाहायचा फोटो होता.

मी लगेच मशीन बंद केलं आणि हार्ड डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली. तिच्यावर नवं काही न लिहिता फोटो परत आणायचा प्रयत्न केला. काही मिळाले, बरेच अर्धे करडे निघाले. एसएसडी (नव्या मशीनमधली चिपची डिस्क) असती तर तेवढेही मिळाले नसते, कारण पुसलेली जागा ती स्वतःच मोकळी करून टाकते.

तेव्हापासून मी तो प्रश्न विचारत नाही. म्हणतो, "तुम्ही रोज काय काय उघडता, मला उघडून दाखवा." ते माऊस धरतात, मी वहीत लिहून घेतो. टॅलीचा डेटा, ब्राउझरमधले पासवर्ड, स्कॅन केलेला सातबारा, नातवाचे व्हिडिओ, सगळं त्यातून निघतं. मग आख्खं यूजर फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घेतो आणि ती डिस्क दुसऱ्या मशीनवर उघडून पाहतो. नवा लॅपटॉप असेल तर आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू आहे का ते तपासतो. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, हात घातल्यावर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतो, ती ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते ते खातं कित्येकदा विकणाऱ्यानं स्वतःच्याच ईमेलवर उघडून दिलेलं असतं.

आणि फॉन्ट. ग्रामपंचायतीची, सोसायटीची, शाळेची जुनी पत्रं कृतिदेवमध्ये असतात. विंडोज नवं टाकलं आणि कृतिदेव टाकायचा राहिला, की पत्रात इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो आणि फाइल खराब झाली म्हणून लोक घाबरतात. फाइल शाबूत असते, फॉन्ट नसतो. जुन्या मशीनचं फॉन्ट फोल्डर मी फॉरमॅटच्या आधीच बाजूला काढून ठेवतो, आणि निघायच्या आधी घरच्यांना त्यांच्या हातानं एक जुनं पत्र उघडायला लावतो. मराठी नीट दिसलं आणि प्रिंटही निघाली, की मग चहा घेतो.