स्प्लेंडरचा कॅम घासून घ्यायचाय? आधी मापं घ्या, मग दगडाला लावा

गाडी जरा पळावी असं वाटलं की पोरं आधी सायलेन्सर बदलतात नाहीतर मोठा कार्ब्युरेटर बसवतात, पण व्हॉल्व्ह कधी उघडणार, किती उघडणार आणि किती वेळ उघडा राहणार हे सगळं कॅमवर ठरतं आणि तिकडे कुणी बघतच नाही. ९७.२ सीसीची जुनी हिरो होंडा स्प्लेंडर शिकायला एकदम चांगली, एकच सिलेंडर, दोनच व्हॉल्व्ह, आणि पार्ट कुठेही मिळतात. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, त्यामुळे हे काम डर्ट ट्रॅकच्या किंवा रेसच्या गाडीवरच करा.

घासून लिफ्ट (कॅम व्हॉल्व्हला जितका ढकलतो ते अंतर) वाढते कशी, हे बऱ्याच जणांना कोडं वाटतं, कारण घासलं की धातू तर कमीच होणार ना. तर कॅमला दोन भाग, गोल भाग म्हणजे बेस सर्कल, आणि पुढे आलेलं नाक. नाकाला हात लावायचाच नाही, बेस सर्कल खाली उतरवायचं. समजा बेसचा व्यास २१ मिमी आहे आणि नाकापासून समोरच्या बाजूपर्यंत उंची २६, म्हणजे लिफ्ट ५ मिमी. आता बेस सगळीकडून अर्धा मिमी उतरवला तर व्यास झाला २०, उंची २५.५, लिफ्ट ५.५. (आकडे फक्त समजायला घेतलेत, तुमच्या कॅमचे तुम्ही मोजा.)

आता काम. मॅग्नेटवरची टी खूण जुळवून पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला, म्हणजे सगळ्यात वर आणा, टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू) ढिले करा, टेन्शनर सैल करा, स्प्रॉकेट काढायच्या आधी टायमिंग चेन तारेने बांधून ठेवा नाहीतर ती खाली पडली की अर्धा दिवस गेला. पण हे सगळं सैल करण्याआधी, कॅम इंजिनात असतानाच त्याची मापं घ्यायची, आणि हीच पायरी लोक गाळतात. क्रँकला ३६० अंशांची चकती लावा, व्हॉल्व्हच्या वाटीवर (स्प्रिंग धरून ठेवणाऱ्या) डायल गेज टेकवा. टॉप डोळ्याने ठरवू नका, प्लगच्या भोकातून स्टॉपर लावून क्रँक हाताने हळूच दोन्ही बाजूंना अडेपर्यंत फिरवा, दोन्ही आकड्यांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टॉप. मग स्टॉपर काढा आणि १ मिमी लिफ्टला व्हॉल्व्ह कुठे उघडतो कुठे बंद होतो ते वहीत लिहा. उदाहरणार्थ इनटेक टॉपच्या २० अंश आधी उघडला आणि बॉटमच्या ५० अंश नंतर बंद झाला तर २० अधिक १८० अधिक ५०, ड्युरेशन, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा राहतो तो काळ, २५० अंश.

किती वाढवायचं? पहिल्या कॅमला १० ते १५ अंश ड्युरेशन आणि अर्धा मिमी लिफ्ट, बास. ड्युरेशन वाढलं की इनटेक उशिरा बंद होतो, कमी आरपीएमला आत आलेली हवा परत मागे ढकलली जाते, म्हणून खालचा पिकअप मरतो आणि पॉवर वर सरकते. वरच्या आरपीएमला मात्र त्याच उशिराचा फायदा, कारण वेगाने येणारी हवा पिस्टन वर निघाला तरी आत घुसतच राहते. ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असतात तो काळ) जास्त झाला तर आयडलिंगला गाडी धडधडत राहते.

घासायचं काम स्वतः बेंच ग्राइंडरवर करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. मी पहिला कॅम असाच हाताने घासून घेतला होता, लोब (व्हॉल्व्ह ढकलणारा कॅमचा फुगवटा) निळा पडला, म्हणजे कडकपणा गेला, आणि थोड्याच दिवसांत लोबवर चर पडली, सोबत रॉकरही (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत पोचवणारा दांडा) खाल्ला. कॅम ग्राइंडिंगचं मशीन असलेल्या वर्कशॉपमध्येच द्या, जिथे मास्टर (नमुन्याचा कॅम) लावून, कूलंट सोडून, थोडं थोडं घासतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी विचारत फिरलात तर सापडतील. देताना तोंडी सांगू नका, लिफ्ट, ड्युरेशन, सेंटर (पूर्ण लिफ्ट क्रँकच्या कितव्या अंशाला येते) सगळं कागदावर लिहून द्या. परत आल्यावर कडकपणा तपासून घ्या, वरचा कडक थर पातळ असेल तर घासताना तो निघून जातो, मग नायट्रायडिंग (वरचा थर परत कडक करायची प्रक्रिया) करून घ्यावं लागतं. काही जण नाकावर वेल्डिंग भरून उंची वाढवतात, पण त्या उष्णतेने शाफ्ट वाकू शकतो, त्यामुळे डायल लावून रनआऊट (फिरताना शाफ्ट किती डुलतो) बघितल्याशिवाय तो बसवू नये.

बेस लहान झाला म्हणजे रॉकर तेवढा खाली आला, त्यामुळे टॅपेटचा स्क्रू जास्त आत घ्यावा लागतो. स्क्रूचं टोक व्हॉल्व्हच्या मधोमध बसतंय का आणि लॉकनटला पुरेसे आटे उरलेत का ते बघा. स्प्रिंग पूर्ण लिफ्टला दाबली तर वेटोळी एकमेकांना टेकायला नकोत, निदान १ मिमी जागा हवी, आणि वाटी खाली सीलवर आदळायला नको.

मग सगळ्यात महत्त्वाची चाचणी. हेड काढा, पिस्टनवर मुलांची खेळायची क्ले थापा, वर थोडं तेल, हेड परत बसवून टायमिंग लावा, टॅपेट सेट करा, इंजिन हाताने दोन वेळा पूर्ण फिरवा, मध्ये अडलं तर जोर लावायचा नाही, लगेच थांबायचं. उघडून क्ले कापा आणि सगळ्यात पातळ जागा मोजा. इनटेकला १.५ आणि एक्झॉस्टला २ मिमीपेक्षा कमी निघालं तर ते इंजिन चालू करायचं नाही. पिस्टनला खोबणी करा नाहीतर ओव्हरलॅप कमी करा.

शेवटी नवीन गॅस्केट, लोबला मॉलिब्डेनमची पेस्ट, नवं ऑइल, टॅपेट थंड इंजिनावर कॅम घासणाऱ्याने सांगितलेल्या मापाला. कार्ब्युरेटरचा मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघत जा, पांढरा पडला तर पेट्रोल कमी पडतंय. चालू केल्यावर आयडलिंगला सोडून देऊ नका, थोडी रेस धरून ठेवा म्हणजे लोबपर्यंत तेल पोचतं, आणि एअर कूल्ड इंजिन असल्यामुळे समोर पंखा लावा. पहिल्या १०० किलोमीटरनंतर झाकण उघडून दोन्ही लोब बोटाने चाचपा, नखाला चर लागली तर कॅम लगेच बाहेर काढा.