हवेत मीटरभर लांबीचे फिलामेंट: ॲक्सिकॉनची मांडणी

साध्या भिंगाने फेम्टोसेकंद लेझर (अतिशय आखूड पल्स सोडणारा) हवेत केंद्रित केला तरी फिलामेंट, म्हणजे आयनीभूत हवेची बारीक, लांब रेघ, मिळते, पण ते कुठे सुरू होईल याचा नेम नसतो. ८०० नॅनोमीटरला स्व-केंद्रीकरणाची (बीम स्वतःच्या तीव्रतेने आपोआप आकसण्याची) सीमा हवेत साधारण ३ ते १० गिगावॅट धरतात. ३ मिलीज्यूल, ५० फेम्टोसेकंदांची पल्स ५५ गिगावॅटच्या पुढे जाते. मग बीममधल्या बारीक डागांपासून एकाऐवजी अनेक फिलामेंटे फुटतात आणि दर पल्सला जागा बदलतात. बीमला आधीच आकार दिला की जागा मुख्यतः भूमिती ठरवते. वाकडे फिलामेंट हवे असेल तर एअरी बीम, म्हणजे पुढे जाताना वळणारा बीम, लागतो (२००९ मध्ये ॲरिझोनात ते करून दाखवले गेले). सरळ आणि लांब हवे असेल तर शंकूच्या आकाराचे भिंग, म्हणजे ॲक्सिकॉन, पुरते.

आधी कागदावर हिशोब करा. फ्यूज्ड सिलिकाचा अपवर्तनांक १.४५३, पायाचा कोन ०.५ अंश, किरण अक्षाकडे ३.९५ मिलिरेडियनने वळतात. बीमची त्रिज्या ५ मिमी असेल तर ५ ÷ ०.००३९५, म्हणजे सुमारे १.२७ मीटर लांबीचा पट्टा मिळतो; या पट्ट्यात किरण अक्षावर एकमेकांना छेदतात. मधला गाभा पहिल्या काळ्या कड्यापर्यंत १५५ मायक्रोमीटर रुंद. गॉसियन बीमची (मध्यभागी उजळ, कडेकडे मंद होत जाणारा बीम) अक्षावरची तीव्रता निम्म्या अंतरावर, ६३ सेंमीच्या आसपास, सर्वाधिक असते: १ मिलीज्यूलला चौरस सेंटिमीटरमागे १४ टेरावॅट, ३ मिलीज्यूलला ४३. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन सुटायला असे ८ फोटॉन एकदम लागतात, त्यामुळे ऊर्जा तिप्पट केली की आयनीभवन ढोबळमानाने साडेसहा हजार पट वाढते. १ मिलीज्यूलला काही दिसले नाही म्हणून मांडणी चुकली असे समजू नका.

काच मध्यभागी ३ मिमीपेक्षा जाड घेऊ नका. ३ मिलीज्यूलला ५ मिमी काचेतच अरेषीय कलाबदल (तीव्रतेमुळे तरंगाच्या कलेत पडणारा फरक) दीड रेडियनच्या घरात जातो आणि आकार हवेत पोचण्याआधीच बिघडतो. पातळ काच मिळत नसेल तर बीम रुंद करा. पट्टा लांबेल, तीव्रता त्या प्रमाणात उतरेल.

सपाट बाजू लेझरकडे ठेवा. तिचे परावर्तन आयरिसच्या (बीमच्या वाटेतल्या भोकाच्या पडद्याच्या) भोकाशेजारी जेमतेम दिसेल इतपत जुळवा. ते नेमके ॲम्प्लिफायरमध्ये परत जाता कामा नये. या वेळी ऊर्जा काही मायक्रोज्यूलच असू द्या. वेजवरून (पाचरीच्या आकाराच्या काचेवरून) घेतलेले परावर्तन फिल्टरमधून कॅमेऱ्यावर घ्या आणि कॅमेरा अक्षावर मागेपुढे सरकवा. मधला ठिपका गोल आणि कडी एककेंद्री दिसली पाहिजेत. ठिपक्याऐवजी चौकटीदार नक्षी दिसली तर ॲक्सिकॉन तिरका बसला आहे. एका बाजूची कडी उजळ असतील तर बीम टोकावरून सरकला आहे. हे दोन दोष माउंटच्या वेगवेगळ्या स्क्रूंनी जातात, एकाने दुसरा झाकायला जाऊ नका. सुरुवातीच्या काही सेंटिमीटरांत तीव्रता वरखाली होणारच, कारण टोक कधीच पूर्ण अणकुचीदार नसते. मोजमाप २० सेंमीपुढे करा.

मग कॅमेरा अक्षातून काढा आणि ऊर्जा हळूहळू वाढवा. पुरेशी झाली की अंधारात निळसर-जांभळी रेघ दिसते आणि प्रत्येक पल्सला बारीक टिक्‌ असा आवाज येतो. अक्षापासून ५ सेंमीवर मायक्रोफोन ठेवून काँप्रेसरची (लेझरमधल्या पल्स आखूड करणाऱ्या भागाची) ग्रेटिंग सरकवा. आवाज सर्वांत मोठा येईल तिथे पल्स फिलामेंटच्या जागी सर्वांत आखूड आहे. काच पल्स थोडी पसरवते आणि ही भरपाई पडताळायला यापेक्षा सोपी युक्ती नाही. मग तोच मायक्रोफोन दर ५ सेंमीवर सरकवत फिलामेंटचा नकाशा काढा. कमाल ६३ सेंमीपासून बरीच दूर आली तर बीमची त्रिज्या पुन्हा मोजा. बहुधा तीच चुकलेली असते.

पट्ट्यापुढे बीमचे कडे होऊन पसरते. ॲक्सिकॉनपासून ३ मीटरवर त्याचा बाहेरचा व्यास सुमारे २४ मिमी असतो, म्हणून डंपचे (उरलेला बीम शोषून घेणाऱ्या साधनाचे) तोंड ४० मिमीचे तरी हवे. फिलामेंटमधून निघणारा पांढरा प्रकाश ८०० नॅनोमीटरचा चष्मा अडवत नाही, तेव्हा चष्मा घालूनही अक्षाच्या रेषेत पाहू नका. तास-दोन तास चालवायचे असेल तर ओझोन साचतो. खोलीत हवा खेळती ठेवा, पण झोत बीमवर येऊ देऊ नका, नाहीतर रेघ थरथरते.