‘चूक कुणाची?’ यात अडकू नका: अपघाताच्या दाव्यात होणाऱ्या चुका

इंदुरात दोन गाड्या भिडल्या की आधी भांडण, मग ‘चलो, समझौता कर लो’. माझ्या आत्येभावाने देवास रस्त्यावर असेच चार हजार रुपये घेऊन विषय मिटवला. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये मनगटाचं हाड मोडलेलं निघालं. ना एफआयआर, ना एमएलसी (दवाखान्यात होणारी दुखापतीची कायदेशीर नोंद), ना त्या गाडीचा नंबर. पुढे दावा करायचा तो कशाच्या जोरावर?

खरं तर मोडलेलं हाड कायद्याने ‘गंभीर दुखापत’ ठरतं आणि तिथे चूक सिद्ध करण्याची गरजच नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे गंभीर दुखापतीला अडीच लाख, मृत्यूला पाच लाख. कुणी अजून २५ आणि ५० हजार सांगत असेल, तर ते जुन्या कलम १४० चे आकडे. १ एप्रिल २०२२ पासून ते कलम गेलं. बंपर-डेंटचा खर्च मात्र यात येत नाही, त्यासाठी फर्स्ट पार्टी विमा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा पाहा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हे पाच लाख घाईने घेणं. कलम १६४ ची भरपाई स्वीकारली की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. हिशेब करून बघा. बत्तीस वर्षांचा, महिना ३० हजार कमावणारा दुकानदार गेला. मागे बायको आणि दोन मुलं. वर्षाचे ३ लाख ६० हजार, त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के, म्हणजे ५ लाख ४ हजार. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, उरले ३ लाख ३६ हजार. या वयाचा गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला गुणायचा ठरलेला आकडा, १६. झाले ५३ लाख ७६ हजार! अर्थात इथे समोरच्याची चूक दाखवावी लागते. पुरावा नसेल किंवा चूक आपल्याच माणसाची असेल, तर १६४ बरं. वकिलाला हा हिशेब आधी कागदावर मांडायला लावा, सही नंतर.

१६६ साठी मुदत अपघातापासून सहा महिन्यांची. ‘तेरावं होऊ दे, मग बघू’ म्हणता म्हणता ती निघून जाते. अपघात धुळ्याजवळ झाला, तरी इंदूरला राहणारा माणूस इंदूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लावू शकतो. दर तारखेला तिकडे धावायला नको.

स्वतःच्या गाडीवरून एकटाच घसरलेला मालक आपल्याच विम्यात सहसा ‘थर्ड पार्टी’, म्हणजे भरपाई मागू शकणारा तिसरा माणूस, धरला जात नाही. त्याच्यासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. पॉलिसीच्या कागदावर ती ओळ आहे का, आजच बघा. एजंट ती कधी काढून टाकतो, कळतही नाही.

ठोकणारा पळून गेला आणि गाडीचा पत्ताच नाही, तर रक्कम वेगळी: मृत्यूला दोन लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. हा अर्ज न्यायाधिकरणात नाही, तर अपघात जिथे झाला तिथल्या एसडीएम (उपविभागीय अधिकारी) किंवा तहसीलदाराकडे.