गोळ्या चालू असताना हळद-मिरी कशी घ्यायची

परळच्या आत्याला माझ्या डिप्रेशनच्या गोळ्यांबद्दल कळलं तेव्हापासून रोज सकाळी फोन, अगं हळदीचं दूध घे, त्या गोळ्या कशाला. म्हणून एकदाच लिहून टाकते.

हळदीत कामाचं असतं ते कर्क्युमिन, तेही साधारण 3 टक्केच. डिप्रेशनवरच्या अभ्यासांत बहुतेक ठिकाणी दिवसाला 500 ते 1000 मिलिग्रॅम कर्क्युमिन कॅप्सूलमधून दिलंय, काहींना थोडा फरक पडला, पण अभ्यास छोटे छोटे. आता हिशोब करा, चमचाभर म्हणजे 3 ग्रॅम हळदीत जेमतेम 90 मिलिग्रॅम, म्हणजे 500 गाठायला साडेपाच चमचे, कोण पिणार ते दूध?

म्हणून हळद जेवणातच ठेवा, फक्त नीट. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतं. मोहरी तडतडली की गॅस बारीक करायचा, हळद टाकायची आणि लगेच वर कांदा, नाहीतर करपून कडू होते. शेवटी पाच-सहा मिरे खलबत्त्यात कुटून. 1998 साली बंगळुरूच्या संशोधकांनी कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं पिपरिन दिलं तर रक्तात ते 20 पट जास्त सापडलं. सुटी भडक पिवळी हळद नको, रंगासाठी त्यात कधीकधी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं विषारी पिवळं रसायन, घालतात. मी लालबागहून हळकुंडं आणून दळून घेते.

केशराचेही अभ्यास आहेत, इराणमध्ये रोज 30 मिलिग्रॅम देऊन, निकाल बरे आले. पण भाव बघता आमच्याकडे ते श्रीखंडापुरतंच.

कर्क्युमिनची कॅप्सूल घ्यायचीच असेल तर डब्याच्या लेबलचा फोटो आधी डॉक्टरला दाखवा. त्यात पिपरिन असेल तर त्यामुळे दुसऱ्या औषधांचं प्रमाणही रक्तात वाढू शकतं, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच जपा, आणि अशा कॅप्सूलने लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत. सेंट जॉन्स वर्ट नावाचं हर्बल तर डिप्रेशनच्या गोळ्यांसोबत अजिबात नको, सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोकादायक वाढू शकतं, शिवाय गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होतो ते वेगळंच.

आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मी केली होती, चौथ्या दिवशी दादरच्या ब्रिजवर गर्दीत चक्कर आणि डोक्यात करंट मारल्यासारखं, कठडा धरून उभी राहिले तर मागून एक काकू म्हणतात, चला हो पुढे. कमी करायची तर डॉक्टरच हळूहळू करून देतात. फारच वाईट विचार येत असतील तर 14416 लावा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात.

आत्याला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली बरं, मग मिरी घालून दूध घे.