टोरोंटोत शिडाची बोट घेतलीत? मग ऑक्टोबरची तयारी आधी करा

आपल्या मंडळींचा शिरस्ता आता ठरून गेलाय. मे महिन्यात जुनी बोट स्वस्तात मिळते, उन्हाळाभर टोरोंटो आयलंडचे फोटो ग्रुपवर फिरतात, आणि ऑक्टोबरात कोणीतरी विचारतं, "काका, बोट उचलून यार्डात ठेवली की झालं ना?" नाही झालं!

कोकणात होड्या वर ओढतात त्या पावसाळ्यात, वाऱ्या-लाटांच्या भीतीने. इथला शत्रू बोटीच्या आतच असतो. पाइपात, पंपात, इंजिनात उरलेलं पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि इंजिनाच्या बिडाच्या ब्लॉकला (मुख्य सांगाड्याला) ते सोसत नाही.

बोट लेक ऑन्टारिओत उभी असते तोवर पाण्याची ऊब तिला सांभाळते. क्रेनने उचलून क्रेडलवर (जमिनीवरच्या आधाराच्या सांगाड्यावर) चढली की चारी बाजूंनी वारा लागतो आणि पहिल्या कडक रात्रीतच काम तमाम होऊ शकतं. त्यामुळे इंजिनाचं काम उचलण्याच्या दिवशी किंवा लगेच दुसऱ्या दिवशी करा. दिवाळीचा कार्यक्रम आणि क्रेनची तारीख बऱ्याचदा एकाच आठवड्यात येतात. चकल्या नंतर.

आधी इंजिन ओळखा. यानमार कंपनीच्या 2जीएम20 या डिझेल इंजिनात लेकचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं. नावाच्या शेवटी एफ असेल तर ब्लॉकमध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारा वेगळा द्रव) आहे आणि लेकचं पाणी फक्त हीट एक्स्चेंजर (कूलंट थंड करणारा भाग) आणि एक्झॉस्टमध्ये जातं. एफवाल्यांचं काम सोपं: कूलंट किती थंडीला टिकेल ते तपासा, आणि बाहेरच्या पाण्याच्या वाटेत गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारा द्रव) ओढून घ्या.

बाकीच्यांनी नीट वाचा, कारण याच ठिकाणी माझ्या ओळखीतल्या एका हुशार मेकॅनिकल इंजिनिअरचा ब्लॉक फुटला. त्याने सगळं व्हिडिओत पाहून केलं. सीकॉक (बोटीच्या तळातून पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह) बंद केला, पाणी ओढणारा होस अँटीफ्रीझच्या बादलीत घातला, इंजिन चालू केलं, एक्झॉस्टमधून गुलाबी पाणी येताच बंद केलं आणि घरी गेला. इंजिन गार होतं, म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच ब्लॉकची वाट उघडणारी झडप) बंद. गुलाबी पाणी बायपासने (ब्लॉकला वळसा घालणाऱ्या वाटेने) निघून गेलं आणि ब्लॉकमध्ये लेकचंच पाणी राहिलं. मे महिन्यात ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे फुटलेल्या ब्लॉकमधून त्यात पाणी शिरलं होतं. दुरुस्तीचा आकडा ऐकून त्याने बोटच विकली.

म्हणून पुन्हा सांगतो: एक्झॉस्टमधून गुलाबी आलं म्हणजे ब्लॉकमध्ये पोचलं असं नाही. ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडून पाणी काढाच. गंजाने तो तुंबलेला असतो; थेंबही आला नाही तर "रिकामा आहे" असं समजू नका, तार घालून टोचा. धार येऊन थांबली की मग बंद करून अँटीफ्रीझ चालवा. थर्मोस्टॅट तेवढ्यापुरता काढून ठेवला तर उत्तमच. छोट्या डिझेल इंजिनाला अँटीफ्रीझचे दोन-तीन जग (कॅन) लागतात. मफलरमध्ये (एक्झॉस्टच्या सायलेन्सरमध्ये) जुनं पाणी असतं, त्यामुळे पहिला फिका गुलाबी रंग पाहून थांबू नका, गडद येऊ द्या.

ऑइल त्याआधीच, इंजिन गरम असताना बदला. अँटीफ्रीझ चालवून झालं की इम्पेलर (पाण्याच्या पंपातली रबरी फिरकी) काढून ठेवा. डिझेलची टाकी भरा.

अँटीफ्रीझ प्रोपिलीन ग्लायकॉलचंच हवं. कॅनेडियन टायर या दुकानात मिळतं. गाडीतलं हिरवं एथिलीन ग्लायकॉलचं विषारी असतं, पिण्याच्या पाण्याच्या वाटेत नकोच. काही स्वस्त गुलाबी जगांत अल्कोहोल मिसळलेलं असतं, ते रबराला मानवत नाही. इथे दोन डॉलर वाचवायची आपली खोड सोडा. जगावर उणे 50 लिहिलेलं असतं ते न मिसळलेल्या द्रवासाठी. पाणी राहिलं तर तो आकडा विसरा.

नळांचं काम कंटाळवाणं, पण अवघड नाही. टाक्या रिकाम्या करा. गीझर रिकामा करून बायपास जोडा, नाहीतर अर्धं अँटीफ्रीझ त्याच्याच पोटात जाईल. मग पंपाने अँटीफ्रीझ ओढून प्रत्येक नळ, गरम आणि थंड दोन्ही, गुलाबी येईपर्यंत सोडा. मागच्या पायरीवरचा शॉवर आणि पायाचा पंप हमखास विसरले जातात. टॉयलेटचा होल्डिंग टँक (मैल्याची टाकी) पंप-आउटवर (ती उपसायच्या जागी) रिकामा करा, मग अँटीफ्रीझ ओढा. बिल्ज पंपातही (बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपात) ओता.

बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा. भरलेली इथल्या थंडीत गोठत नाही, उतरलेली गोठते. ताडपत्रीखाली हवा खेळू द्या.

शेजारचे कॅनेडियन बोटवाले फार भले. विचारलंत तर दुपारभर तुमच्या इंजिनात डोकं घालतील. पण न विचारता एक शब्द सांगणार नाहीत, तुम्ही चुकताय हे दिसत असलं तरी. तेव्हा लाज सोडून विचारा.

सीकॉकच्या बॉलमध्येही पाणी अडकतं, म्हणून बोट जमिनीवर आल्यावर ते सगळे उघडून निथळू द्या. कोणते उघडे आहेत ते ठळक अक्षरात लिहून कागद सुकाणूच्या चाकाला बांधा. वसंतात बोट पाण्यात सोडताना क्रेनवाला घाईत असतो, ते बघणं त्याचं काम नाही.