मोबाईलवर नाविकचा उपग्रह शोधायचा कसा

"मामा, याला छत्री कुठं लावायची?" नाविक म्हणजे जीपीएससारखी आपल्या देशाची यंत्रणा; तिचे उपग्रह मोबाईलवर दिसतात म्हटल्यावर भाच्याचा पहिला प्रश्न हाच. सोळा वर्षं तासगाव भागात टीव्हीच्या छत्र्या बसवणाऱ्याच्या घरात पोरगं दुसरं काय विचारणार! छत्री लागत नाही. मोकळं आभाळ लागतं आणि थोडा दम धरावा लागतो.

आधी फोन. नाविकचे जुने उपग्रह एल-5 पट्ट्यात, 1176.45 मेगाहर्ट्झवर संदेश सोडतात. फोनला एल-5 नसेल तर ते त्याला ऐकूच येत नाहीत. एल-5 असलं तरी चिपमध्ये नाविकची सोय हवी. खोक्यावरचं वाचत बसू नका; जीपीएसटेस्ट हे फुकटचं ॲप टाका, लोकेशन चालू करा. नेट नसलं तरी चालतं.

मग बाहेर या. पत्र्याच्या शेडमध्ये, स्लॅबखाली काही हाती लागत नाही. द्राक्षबागेत मांडवाखाली तर उभंच राहू नका. तारा आणि अँगल फोनच्या होकायंत्राला पार चकवतात. मी एकदा दहा मिनिटं पूर्व समजून ईशान्येकडं बघत होतो. बांधावर जा, मोटरसायकलीपासून लांब, आणि फोन हवेत मराठी चारच्या आकड्यासारखा दोनतीनदा फिरवा. होकायंत्र ताळ्यावर येतं.

ॲपच्या यादीत तिरंग्यासमोरचे नंबर म्हणजे नाविक. शेजारी सिग्नलचा आकडा असतो: 35 च्या वर झकास, 20 च्या खाली असून नसल्यासारखा. त्याच ओळीत इंग्रजी यू आला, म्हणजे तुमची जागा काढायला फोन तो उपग्रह खरंच वापरतोय. नुसता नंबर दिसला म्हणून खूश होऊ नका.

आता ॲपमधला आभाळाचा गोल उघडा. मधला बिंदू डोक्यावर, कड म्हणजे क्षितिज. 10 नंबर शोधा. हा एनव्हीएस-01 उपग्रह, 29 मे 2023 ला जीएसएलव्ही रॉकेटनं सोडलेला, विषुववृत्तावर 129.5 अंश पूर्व रेखांशाला. आपल्याकडून तो पूर्वेला, किंचित दक्षिणेकडं, क्षितिजापासून साधारण 25 अंशांवर. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश; म्हणजे अडीच मुठी. पूर्वेला शेजाऱ्याचा आंबा असेल तर जागा बदला. टाटाची छत्री 83 अंश पूर्व रेखांशावरच्या उपग्रहाला लावतो, तो इथून 68 अंश वर असतो, झाड सहसा आडवं येत नाही. (छत्री समोरच्या टाकीकडं बघतेय असं वाटतं, पण तिची खरी नजर वीसपंचवीस अंश वर असते. नवखे पोरगे इथंच फसतात.)

9 नंबर दिसला तर स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि सहा तासांनी दुसरा काढा. तो नैर्ऋत्य ते वायव्य असा मोठा हेलकावा घेतो, कारण त्याची कक्षा 29 अंश कललेली आहे. जमिनीवर उमटवली तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट उमटते. 10 मात्र जवळपास जागेवरच. भाचा रात्री गच्चीवरून ओरडला, "मामा, नऊ हलला, दहा तिथंच!"

सगळे उपग्रह दिसतील ही आशा नको. 2013 च्या पहिल्याच उपग्रहाची तिन्ही रुबिडियम घड्याळं, म्हणजे अगदी अचूक वेळ दाखवणारी अणुघड्याळं, बंद पडली. घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे अंतरात 300 मीटरची चूक, आपली विहीर दुसऱ्याच्या गटात. एनव्हीएस-01 मध्ये भारतीय बनावटीचंही घड्याळ आहे. फोन नाविकसोबत जीपीएसही वापरतो, त्यामुळं काम अडत नाही.

उघड्यावर पंधरा मिनिटं थांबूनही तिरंगा आला नाही, तर बहुधा चिपमध्ये सोय नाही. भाच्याच्या दोस्ताकडून एका दुकानदारानं "अपडेट मारून देतो" म्हणत दोनशे रुपये घेतले. तिरंगा काही आला नाही, दोनशेही गेले.