चवथीत चढलेलं वजन आणि परत वाटेवर येणं: काट्याला घाबरू नका, पण तो नीट वाचा

आधीच सांगते, डाएट सुरू कसं करायचं ते इथे मिळणार नाही. ते तुम्ही केलेलं आहे, पाच-सात किलो उतरवलेतही, आणि मग मध्येच काहीतरी झालं. आमच्याकडे गोव्यात ते काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. कुणाचं घरातलं लग्न असतं, कुणाचा पाय मुरगळतो, कुणी आई-वडिलांच्या आजारपणात दोन महिने हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधल्या भजी-पावावर काढतं, आणि जून ते सप्टेंबर पाऊस तर सगळ्यांनाच कारण म्हणून मिळतो. मी ८४ वरून ७३ वर यायला चौदा महिने घेतले आणि त्यानंतर निदान पाच वेळा घसरले, म्हणजे घसरण्यातला माझा अनुभव बारीक होण्यातल्या अनुभवापेक्षा मोठा आहे असं म्हटलं तरी चालेल.

एक सल्ला मात्र डोक्यात जातो, "मोटिव्हेशन टिकवा". कसं टिकवायचं ते कोण सांगत नाही. जुनी जीन्स कपाटाला लटकवा म्हणे. मी लटकवली होती, तिसऱ्या दिवशी तिच्यावर टॉवेल आला, आठवड्याने छत्री. माझी उमेद तरी आजवर कधी आधी आलेली नाही, चार दिवस रडतखडत केलं की मग येते, त्यामुळे तिची वाट बघत बसू नका.

१) नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा घराबाहेर काढा

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी. ऑफिसात न्या, शेजारी द्या, पोरांच्या हॉस्टेलवर पाठवा. "हळूहळू संपवूया" म्हणून फ्रिजवर ठेवलेला स्टीलचा डबा चहाबरोबर एक-एक करत तुम्हीच संपवणार आहात. आमच्या सासूबाई रागावल्या होत्या पहिल्या वर्षी, आता त्याच पिशव्या भरून देतात.

२) काट्यावर उभं राहा, आणि इथेच बहुतेक जण गळतात

ही पायरी मला सगळ्यात जड गेली म्हणून सविस्तर लिहिते.

तीन वर्षांपूर्वी चवथ झाली, पाच दिवसांचा गणपती, पाहुणे, खतखतं, मणगणं, पातोळ्या, सणाचं सगळं खाणं यथासांग. विसर्जन झालं आणि मला पक्कं माहीत होतं की वजन वाढलंय, मग म्हटलं आधी दोन-तीन किलो कमी करते आणि मग काट्यावर उभी राहते. हे वाक्य परत वाचा, कारण मलासुद्धा त्यातला मूर्खपणा कळायला चार महिने लागले. वजनकाटा मी पलंगाखाली सरकवला. मग त्याच्यावर माटोळीचा (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीचा) गुंडाळलेला सुंभ आला, मग उकड्या तांदळाची पिशवी. ऑक्टोबरात खाली झाडू मारताना तो हाताला लागला तेव्हा पुसून परत आत ढकलला, इतकंच नाही तर त्यातला सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घातला! संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ब्लाऊजचा हूक लागेना तेव्हा काटा बाहेर काढला. ८१.४. म्हणजे चवथीच्या पाच दिवसांनी जे केलं ते फार तर दीड किलो असेल, बाकीचं सगळं मी पलंगाखाली न बघण्याच्या चार महिन्यांत कमावलं. "नाहीतरी बिघडलंय, आता सोमवारपासून बघू", असे किती सोमवार गेले देव जाणे.

तर काटा विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी. सकाळी उठल्यावर, बाथरूमला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, कडक फरशीवर, चटईवर नाही. आकडा वहीत लिहायचा, तारखेसकट. मोबाईलमध्ये नको, मोबाईलमधून डिलिट होतो.

आणि आकडा वाईट येणार आहे. गेल्या वर्षी माझं तयेच्या (हरतालिकेच्या) आदल्या दिवशी ७३.२ होतं आणि त्या तिसऱ्या सकाळी ७७. तीन किलो आठशे ग्रॅम! हात-पाय गळतात अशा वेळी. पण खाली उतरून जरा हिशोब करा. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. ३.८ किलो खरी चरबी चढवायची तर रोजच्या गरजेच्या वर २९ हजारांहून जास्त कॅलरी खायला हव्यात, सहा दिवसांत, म्हणजे दिवसाला ४९०० च्या आसपास, आणि त्याही नेहमीच्या जेवणाच्या वर. आमच्या घरच्या मापाची एक नेवरी मी अंदाजे १५० धरते. रोज बत्तीस नेवऱ्या. मी खादाड आहे हे मान्य, पण बत्तीस नाही.

मग ते किलो आले कुठून, तर बरंचसं पाणी. आपण भात, गूळ, मैदा, साखर खातो त्यातला काही भाग शरीर ग्लायकोजेन म्हणून यकृतात आणि स्नायूंत साठवतं, आणि त्या एकेका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. डाएटवर असताना हा साठा उतरलेला असतो, सणात तो भरतो, एवढ्यानेच किलो-दीड किलोचा फरक पडू शकतो. वर पापड, लोणचं, फरसाण यांचं मीठ, तेही पाणी अडवतं. पोटात अजून पचायचं असलेलं अन्न आहेच. बायकांनी पाळी जवळ आलीय का तेही बघावं, तेव्हाही पाणी साठतं.

नेहमीच्या जेवणावर आल्यावर दहाव्या दिवशी माझं ७५.१ झालं. भूक मारली नाही, जिम नाही, काही खास केलं नाही. १.९ किलो आपसूक गेलं. खरी वाढ काय झाली ते या दहाव्या दिवसाच्या आकड्यावरून धरा. तिसऱ्या दिवसाचा आकडा फक्त वहीत राहू दे, तो बघून कुठलाही निर्णय घ्यायचा नाही, कपडे घ्यायचे नाहीत आणि नवऱ्याशी भांडायचं तर मुळीच नाही.

एक मात्र, काट्याचा आकडा बघून ज्यांचा अख्खा दिवस जातो, जेवण बंद होतं किंवा उलटी काढण्यापर्यंत गोष्ट जाते त्यांनी हे करू नये. काटा बाजूला ठेवावा आणि डॉक्टरांशी बोलावं, हा माझा हौशी विषय नाही.

३) शिक्षा म्हणून उपाशी राहू नका

आकडा बघितल्यावर पहिला विचार हाच येतो, आजपासून फक्त सोलकढी आणि काकडी. मी केलंय. तीन दिवस जमलं, चौथ्या दिवशी संध्याकाळी पणजीच्या बसस्टँडवर एक प्लेट मिर्ची भजी, नंतर एक बन, घरी आल्यावर जेवण, आणि रात्री परत तेच रडगाणं, की माझ्यात जिद्दच नाही. जिद्दीचा संबंध नव्हता, पोटात काही नव्हतं. वजन उतरलेलं शरीर तसंही जास्त भूक लावतं, चरबी कमी झाली की लेप्टिन नावाचं हार्मोन घटतं आणि मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. अशा वेळी उपाशी राहायचं म्हणजे आगीत तेल.

ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी तर जेवण चुकवायचंच नाही, साखर एकदम खाली जाऊ शकते.

४) सगळं एकदम नको, एक जेवण आधी लाईनवर आणा

मी दुपारचा डबा धरते, कारण तो सकाळी माझ्या हातात असतो आणि रात्री पाहुणे, सासूबाई, उरलेलं वगैरे दहा भानगडी. डब्यात उकड्या तांदळाचा भात एक वाटी, वाटी मोजून, डोळ्याने नाही. हुमणाऐवजी (नारळाच्या वाटणातल्या माशांच्या आमटीऐवजी) मासळी भाजून किंवा कमी तेलात, बांगडा नाहीतर तारले, दोन्ही प्रोटीनला उत्तम आणि पापलेट-विसवणासारखे (विसवण म्हणजे सुरमई) खिसा रिकामा करत नाहीत. शिवराक (शाकाहारी) असाल त्या दिवशी मूग किंवा चवळी. भाजी डब्याचा अर्धा भाग, तिच्यावर खोबरं घाला पण चमच्याने, मुठीने नको.

भात सोडा म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. गोव्यात जन्मलेल्या माणसाने भात सोडायचा, तो किती दिवस सुटणार? तीन आठवडे. मग एका रविवारी कडी समोर आली की तीन आठवड्यांचा भात एकदम. त्यापेक्षा वाटी बरी.

५) चाला

मी कदंबा स्टँडवर उतरून पाटो पूल ओलांडून ऑफिसपर्यंत चालत जाते. पावसात छत्री. एवढंच.

६) तिसरा आठवडा

दुसरा खड्डा हा, आणि काट्याचं भय जिंकलेले लोक बरेचदा इथे पडतात. पहिले दहा दिवस पाणी जातं तेव्हा वजन धडाधड उतरतं, आपण खूश, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर सांगून मोकळे. मग ते थांबतं. मी ७५.१ वर आले आणि पुढचे नऊ दिवस ७५.३, ७४.९, ७५.४ असं खालीवर. "शरीराला सवय झाली, आता काही होणार नाही." हे मीसुद्धा म्हटलंय.

झालेलं असतं इतकंच की पाणी संपलं आणि आता खरी चरबी उतरतेय, तिचा वेग फार कमी असतो. आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग, म्हणजे दिवसाला सत्तर ग्रॅमच्या आसपास. आणि पाण्यामुळे वजन रोज अर्धा किलो इकडेतिकडे होतच असतं, त्या गोंधळात सत्तर ग्रॅम कसे दिसणार? म्हणून सात दिवसांचे सात आकडे मिळवायचे, सातने भागायचं आणि तो आकडा मागच्या आठवड्याच्या तशाच आकड्याशी ताडून बघायचा. मला हे कॉलेजातल्या भाच्याने शिकवलं, मी शिकवल्यासारखं सगळ्यांना सांगते.

तीन-चार आठवडे ही सरासरीच हलली नाही तर मग मापं बघा. ८४ ची असताना दीड वाटी भात खाऊन माझं वजन उतरत होतं, ७५ ला त्याच दीड वाटीवर ते जागेवरच राहिलं. हलक्या अंगाला कमी लागतं, यात फसवणूक कुणाची नाही. वाटी परत मोजा. तेलाची बाटली महिन्यात किती वेळा आणता तेही बघा, एका ग्रॅम तेलात नऊ कॅलरी आणि पिठात साधारण साडेतीन. आणि पुरुष मंडळी, शुक्रवारचा पेग हिशोबात धरा, अल्कोहोलच्या ग्रॅमला सात कॅलरी असतात, सोबतचं तळलेलं वेगळं.

७) बोलणाऱ्यांचं काय करायचं

काही नाही. "परत मोटी जाल्या मगो तूं!" (परत जाडी झालीस गं तू!) असं मला विसर्जनाच्या घाटावरच ऐकवलं गेलंय, ऐकवणारीच्या हातात तेव्हा माझ्याच घरच्या नेवऱ्या होत्या. "हो बाई" म्हणायचं आणि पुढे जायचं. कारणं सांगत बसलं की आपलाच त्या कारणांवर विश्वास बसतो.

घरच्यांना मात्र एकदाच स्पष्ट सांगा. नवऱ्याला मी सांगितलं, संध्याकाळी येताना पाव आणायचे तर माणशी मोजून आण, डझनाने नको. त्याने दोन दिवस तोंड वाकडं केलं आणि मग आणायला लागला.

घसरायला कारण आजारपण असेल तर

वरचं सगळं तसंच्या तसं लागू नाही. प्लास्टर निघाल्यावर किंवा तापातून उठल्यावर आधी अंगात ताकद येऊ दे, पोटभर आणि प्रोटीनचं खा, वजन उतरवायचं डॉक्टर हो म्हणाल्यावर. स्टिरॉइड किंवा थायरॉइडची औषधं सुरू असतील किंवा बदलली असतील तर वाढ त्यातूनही असू शकते, स्वतःला शिव्या घालण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

८) पुढची तारीख आत्ताच लिहा

चवथीनंतर जेमतेम दोन महिन्यांत दिवाळी. नरकासुर जाळून झाले की सकाळी पाच प्रकारचे पोहे, गुळाचे, दुधातले, ताकातले, बटाट्याचे, रोसातले (नारळाच्या रसातले), आणि प्रत्येक घरी थोडे थोडे खावेच लागतात, मी सगळीकडे खाते, ताकातले दोनदा. फक्त वहीत भाऊबीजेनंतरच्या तिसऱ्या दिवसाची तारीख आधीच लिहून ठेवलेली असते, समोर जागा रिकामी. काटा आता पलंगाखाली नसतो, बाथरूमच्या दाराशी असतो, आणि रिमोटला नवीन सेल आणलेत.